बेंबीभोवतीचे अंगठे

१

चादर लेकीनंच ओढली. नर्स "अहो ताई, थांबा जरा" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. म्हातारा छातीपासून गुडघ्यापर्यंत उघडा पडला, आणि लेकीच्या तोंडून जे बाहेर आलं त्याला रडणं म्हणता येणार नाही. शेजारच्या खाटेवरचा पेशंट सलाईनसकट उठून बसला.

म्हाताऱ्या मुकादमाच्या पोटावर अंगठे उमटले होते.

शाईचे नाहीत. कातडीच्या आतून आलेले, जांभळे, लांबट. बेंबीला वेढा घालून, एकाला खेटून एक, आणि तिथून खाली मांड्यांवर उतरलेले. कुणीतरी म्हाताऱ्याच्या उरावर बसून दातओठ खात दाबत राहिलं असावं, असंच कुणालाही वाटलं असतं.

फौजदारीण त्या वॉर्डात भलत्याच कामाला आली होती. भांडणात डोकं फुटलेल्या एकाचा जबाब घ्यायचा होता. किंकाळी ऐकली आणि तो जबाब अर्धवट टाकून ती धावली.

"हिनं मारलं!" लेक ओरडत होती. "हिनं मारलं माझ्या बापाला! बघा, बोटं बघा तिची!"

बोट दाराकडे होतं. दारात सून उभी होती, कडेवर पोरगी, हातात थर्मास. म्हातारा गेल्याचं तिला अजून कुणी सांगितलंही नव्हतं.

लेकीला धाप लागली. बोलताना छातीतून शिट्टी वाजत होती. गोल, फुगलेला, तकतकीत चेहरा. खाटेवरच्या म्हाताऱ्याचा अगदी तसाच. बापाचं तोंड काढून लेकीला लावावं तसं. गर्दीतली एक बाई हळूच म्हणालीसुद्धा, "बापावर गेलीय हो पोर, किती ते साम्य."

"सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे यायचे तेव्हा घोड्यासारखे जिने चढायचे," लेक फौजदारणीला म्हणाली. "हिच्या घरी परत गेले की आडवे. काय खायला घालत होती कोण जाणे. विचारा तिला, जिन्यात उभी राहून काय बोलली होती ते!"

"काय बोलली होतीस?" फौजदारणीनं विचारलं.

सुनेचं तोंड पांढरं पडलं. "रागात बोलले होते."

"काय?"

"एकदाचे मरा आणि मला सोडवा." तिनं पोरीचं डोकं आपल्या खांद्यात दाबून धरलं. "त्या दिवशी त्यांनी चौथ्यांदा अंथरूण खराब केलं होतं. मी माणूस आहे, मॅडम."

"ऐकलंत? ऐकलंत ना?" आणि कुणाला कळायच्या आत लेकीनं झडप घातली. थर्मास खाली पडला, फुटला. तिनं सुनेचा हात मनगटात धरून फरफटत खाटेपाशी आणला आणि तिचा अंगठा म्हाताऱ्याच्या पोटावर, एका जांभळ्या डागावर टेकवला.

अंगठा बसला. डबीवर झाकण बसावं तसा.

२

"संध्याकाळपर्यंत तिला आत घे," साहेब फोनवर म्हणाले. "पोरगी आत्याच्या ताब्यात दे. सगळी बिल्डिंग साक्षीला आहे, अंगठा बसलाय, अजून काय पाहिजे तुला? आकाशवाणी?"

"साहेब, पोस्टमार्टम तरी..."

"होईल ते. तू घर बघून घे."

फौजदारीण फोनवर "हो साहेब" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर जे म्हणाली ते हवालदारानं न ऐकल्यासारखं केलं.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत म्हाताऱ्याची खाट, तिच्यावर मेणकापड, खाली बादली. खिडकीत वाळत घातलेल्या चादरी. म्हाताऱ्याचं दुखणं काढलेलं घर ओळखायला पोलीस असावं लागत नाही. फिनेलचा वास दाराबाहेरच नाकात शिरतो. सुनेचा नवरा लांबच्या फेरीला ट्रक घेऊन गेलेला, फोन लागत नव्हता. म्हणजे बापाची लघवी, शी, उलटी, सगळं एकट्या बाईच्या हातात.

भिंतीवर एकच फोटो होता, लेकीच्या लग्नातला. हारांच्या ओझ्याखाली नवरी, शेजारी बाप. दोघंही काटकुळे. गालाची हाडं वर आलेली, हनुवट्या लांब, टोकदार. फौजदारीण फोटोसमोर जरा जास्तच वेळ उभी राहिली. काहीतरी खटकत होतं, पण काय ते चिमटीत सापडेना.

"हवालदार, इकडे या. पोट पुढे करा."

"मॅडम?"

"करा म्हणते ना."

हवालदारानं शर्ट सारखा केला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. फौजदारणीनं दोन्ही अंगठे त्याच्या पोटावर ठेवून जोर लावला.

"मॅडम, आत्ताच जेवलोय मी."

"गप बसा. माझी बाकीची बोटं कुठं आहेत?"

"बरगड्यांत रुतलीत. दुखतंय."

"दुखणारच. पकडल्याशिवाय दाबता येत नाही." तिनं हात काढले. "अंगठे एवढे खोल उमटले, तर बाकीच्या आठ बोटांचे डाग कुठं गेले? म्हाताऱ्याच्या कुशी कोऱ्या होत्या."

हवालदार पोट चोळत राहिला.

आत स्वयंपाकघरात सून फरशीवर बसली होती. मांडीवर पोरगी झोपलेली. फौजदारीण तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आजारी कधी पडले?"

"पोट तर आधीपासून बिघडायचं. मधेच दुखायचं, मधेच बरं. मी शी तपासून आणली होती. जंत नाहीत म्हणाले. तरी जंताची गोळी दिली. मग मधे अगदी छान झाले होते. भूक लागायची, गाल वर आले. मला वाटलं, माझ्या हातचं अंगी लागलं." ती कडवट हसली. "मग खोकला. मग उलट्या. मग ताप, आणि ताप चढला की बरळायचे."

"अंगावर काही खुणा? पडले, लागलं?"

सुनेनं मांडीवरच्या पोरीचे केस सारखे केले. मग म्हणाली, "सांगितलं तर वेडी म्हणाल."

"आत्ता लोक खुनी म्हणतायत. वेडी परवडली."

"रेघ होती. लाल. कंबरेखाली, मागच्या बाजूला. खाजायची. ते म्हणायचे, माझ्या अंगात कुणीतरी रस्ता बांधतंय, ठेकेदार कोण ते बघ. मी मलम लावायची. सकाळी लावलं की जेवणापर्यंत रेघ मलमाच्या पुढे गेलेली असायची." तिनं वर बघितलं. "वाढायची नाही, मॅडम. मागून पुसत यायची आणि पुढे जायची. ती रेघ चालायची."

३

मालिशवाल्याची जागा शेजारच्या बिल्डिंगीत, जिन्याखाली. तेलाच्या बाटल्या, एक चटई, आणि भिंतीला टेकून बसलेला तो, हाताचे पंजे फावड्यासारखे. पोलीस बघितल्यावर त्यानं आधी स्वतःचे अंगठेच पुढे केले.

"मला कळलंय काय झालं ते. हे बघा माझे. असा एक अंगठा उमटला तर म्हाताऱ्याचं अर्धं पोट झाकेल. आणि मी गुडघे चोळायचो, पोट नाही."

"कधीपासून चोळत होतास?"

"भट्टी बंद पडली तेव्हापासून. कौलांची भट्टी होती ना आमची, तिथं तो मुकादम, मी त्याच्या हाताखाली. गुडघे त्या मातीतच गेले त्याचे. एवढी वर्षं चोळले, काही उपयोग नाही. खोटं कशाला बोलू? मग एक दिवस म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. आणि माझ्यासमोर जिना चढून दाखवला. कठड्याला हात न लावता!" त्याच्या आवाजात अजून राग होता. "कुणीतरी म्हाताऱ्याला नवे गुडघे आणून दिले होते. कुणी, ते सांगेना. लाजल्यासारखा हसायचा."

"त्याच्या अंगावर रेघ बघितलीस कधी?"

मालिशवाल्याचा हात बाटलीवरच थांबला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बघितलीस का ते सांग."

"एकदा कंबर धरली होती त्याची, म्हणून पालथा घातला. लाल रेघ होती. एका बाजूनं तेल लावत गेलो, दुसऱ्या बाजूनं परत आलो, तर रेघ बोटभर सरकलेली. मी काही बोललो नाही. लोक म्हणतील, याचे डोळे गेले, आता मालिश कशाला करतोय."

म्हणजे एकमेकांशी कधी न बोललेल्या दोन माणसांनी एकच वेडेपणा बघितला होता. फौजदारणीला वेड्यांचं कौतुक नव्हतं, पण दोन सारख्या साक्षींचं होतं.

"भट्टीवर कामाची पद्धत काय होती? गुडघे जातील एवढं काय करायचा?"

"माती तुडवायची. खड्ड्यात ओली माती, पोटरीपर्यंत. अनवाणी. मुकादम कुणाला बूट घालू द्यायचा नाही. म्हणायचा, बुटाला खडा कळत नाही. एक खडा राहिला तर आगीत कौल फुटतं. पायानं माती वाचायची, असं त्याचं म्हणणं. एकानं बूट घातले तर त्यानं ते आगीत टाकले होते."

"आणि परसाकडे कुठं जायचात?"

"तिथंच, खड्ड्याच्या कडेला. लांब गेलं की शिव्या द्यायचा." तो थोडा ओशाळला. "तेव्हा कुणाला काय वाटायचं नाही. त्याची लेकसुद्धा असायची आमच्यात. शाळा सुटली की थेट खड्ड्यात. तिचे पाय हलके, बारीक खडाही तिला कळायचा. तिच्यावर फार जीव त्याचा. आणि तिचा त्याच्यावर. बाप म्हणजे तिला देव."

फौजदारणीचा फोन वाजला. हवालदार हॉस्पिटलमधून बोलत होता, एका दमात.

"मॅडम, त्या नर्सनं एक फोटो दिलाय. म्हातारा भरती झाला तेव्हाचा. पाठीला जखमा घरून आणल्या की हॉस्पिटलात झाल्या यावरून नातेवाईक भांडतात म्हणून ते सगळ्या अंगाचे फोटो काढून ठेवतात."

"पोटाचा आहे?"

"आहे. पोट कोरं आहे, मॅडम. एकही अंगठा नाही. आणि भरती झाल्यापासून सुनेला त्याच्याजवळ कुणी सोडलंच नव्हतं. वॉर्डच्या काचेच्या दाराबाहेर बसून होती बिचारी."

फौजदारणीनं फोन खिशात टाकला. भरलेल्या वॉर्डात, दिव्याखाली, नर्सांच्या डोळ्यांसमोर म्हाताऱ्याच्या पोटावर अंगठे उमटत गेले होते, आणि दाबणारा हात कुणालाही दिसला नव्हता.

४

पोस्टमार्टमवाले डॉक्टर हात धूत होते. त्यांना कोपरापर्यंत हात धुवायची सवय होती आणि पोलिसांशी बोलताना मान न वळवायची.

"तुमच्या साहेबांचा फोन आला होता," ते म्हणाले. "अंगठे नसतील तर विष असेल, लवकर सांगा, म्हणाले. विष नाही."

"मग डाग?"

"रक्त कातडीखाली झिरपलंय. कुणी दाबलेलं नाही. माणूस जंतूंनी मेला. रक्तात जंतू, मेंदूभोवतीच्या पाण्यात जंतू. आणि कुठले जंतू? आतड्यातले. ते आतड्यात सगळ्यांच्याच असतात, तुमच्या-माझ्याही. पण तिथंच राहतात. भिंत फुटल्याशिवाय बाहेर पडत नाहीत."

"मग भिंत फुटली होती?"

डॉक्टरांनी नळ बंद केला. पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "नाही. तेच तर मला कळत नाहीये. सगळं आतडं हातानं चाचपून बघितलं. सुजलंय, लाल झालंय, पण भोक कुठंच नाही. दार बंद, खिडक्या बंद, आणि चोर थेट मेंदूत सापडला."

"तर मग कुणीतरी त्याला पाठीवर घेऊन बाहेर नेलं असेल," फौजदारीण म्हणाली. "भोक पाडून, इतकं बारीक की तुमच्या बोटाला कळलं नाही."

"एवढं बारीक भोक पाडणारा कोण असतो?"

"ते तुम्ही सांगा. मी एवढंच सांगते. म्हाताऱ्याच्या कंबरेखाली एक लाल रेघ होती आणि ती चालायची. दोघांनी बघितलीय. तो अनवाणी माती तुडवायचा, ज्या मातीच्या कडेला सगळी भट्टी परसाकडे बसायची. आणि शेवटी खोकत होता. डॉक्टर, पोट बिघडलेला माणूस खोकतो कशाला?"

डॉक्टरांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"रेघ किती जोरात चालायची?"

"सकाळी मलम लावलं तर जेवणापर्यंत मलमाच्या बाहेर."

ते तडक आत गेले. फौजदारणीनं बाकड्यावर बसून बघितलं, उठून बघितलं. साहेबांचा फोन दोनदा वाजला, तिनं दोनदा बंद केला. शेवटी आतून हाक आली.

"या. बघा. फुप्फुस आहे हे."

तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. गुलाबी जाळी दिसली. आणि त्या जाळीत, जिथं हवा असायला हवी तिथं, सुतासारखे वेटोळे घातलेले जीव. एक नाही. नजर जाईल तिथं. तिनं डोळा काढला आणि नकळत तळवे पँटला पुसले.

"जंत," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना न दिसणारे. ओल्या घाणेरड्या मातीत वाट बघत असतात. अनवाणी पाय पडला की कातडीतून आत. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, आणि माणूस स्वतःच गिळतो. मग आतड्यात घर."

"पण तपासणीत जंत नाहीत म्हणाले होते. जंताची गोळीसुद्धा दिली होती सुनेनं."

"त्या एका गोळीला हा फारसा दाद देत नाही. आणि तपासणीत सापडायला तो बाहेर तरी यायला हवा ना? बाकीच्या जंतांची अंडी बाहेर पडतात. याची आतच फुटतात. पिल्लं थोडीफार बाहेर जातात, पण काही तिथंच मोठी होतात, आतड्याची भिंत पोखरून किंवा बाहेरच्या कातडीतून पुन्हा त्याच माणसात शिरतात. तुमची ती चालणारी रेघ म्हणजे कातडीखालून घरी परत निघालेलं पिल्लू. याला दुसरा माणूस लागत नाही. भट्टी बंद पडली, माती सुटली, तरी म्हातारा मरेपर्यंत हा आत पिढ्या काढत बसला असता."

"मग एवढी वर्षं गप्प का होता?"

"शरीर पहारा देत होतं. पाहिजे तेवढे मारत होतं, राहिले ते नांदत होते. ना त्यांनी घर मोडलं, ना यानं त्यांना हाकललं." डॉक्टर खुर्चीत टेकले. "पहारेकरी झोपला की मात्र हे हजारांनी वाढतात. भिंत चाळणीसारखी पोखरतात, आणि प्रत्येकाच्या अंगाला आतड्यातले जंतू चिकटलेले. फुप्फुसात, मेंदूत, पोटाच्या कातडीत, जातील तिथं घेऊन जातात. ते अंगठे आतून उमटलेत."

"पहारेकरी झोपला कसा?"

"कुणीतरी झोपवला. स्टेरॉइडच्या गोळ्या. सुनेनं दिलेल्या कागदांत तर कुठंच नाहीत, पण घेत असणार. सांधे दुखायचे ना? ही गोळी घेतली की दुखणं जादूसारखं जातं. मरणारा माणूस जिने चढतो. भूक लागते, गाल भरतात, तोंड चंद्रासारखं गोल होतं..."

फौजदारणीनं डोळे मिटले. भिंतीवरचा फोटो समोर आला. काटकुळा बाप, काटकुळी नवरी, दोन लांब टोकदार हनुवट्या. मग वॉर्डातले ते दोन चेहरे, गोल, तकतकीत, एकाच साच्यातून काढल्यासारखे. आणि ती गर्दीतली बाई, किती ते साम्य म्हणणारी.

"डॉक्टर, दोन माणसं ही गोळी घ्यायला लागली तर तोंडं एकसारखी होतील?"

"जुळी वाटावीत इतकी."

"साम्य रक्ताचं नव्हतं," ती पुटपुटली. "गोळीचं होतं. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे आले की घोड्यासारखे जिने चढायचे, असं तीच म्हणाली. स्वतःच्या तोंडानं." मग मोठ्यानं, "लेकीला दमा असणार. छातीतून शिट्टी वाजते."

डॉक्टर ताठ बसले. "लेक कधी त्या मातीत उतरली होती?"

"रोज. शाळा सुटली की."

"मग तो दमा कशावरून दमाच आहे? आणि त्यावर ती हीच गोळी खातेय?" ते उठलेच. "तुम्ही इथं काय करताय, बाई? तिला आणा. गोळी एकदम बंद करू देऊ नका, त्यानंही माणूस दगावतो. जशी आहे तशी उचलून आणा. औषध आहे याच्यावर. म्हाताऱ्याला कुणी दिलं नाही, कारण कुणाला हे सुचलंच नाही."

५

लेक भावाच्या घरात पोरीचे कपडे पिशवीत कोंबत होती. खाटेपाशी सून उभी, अंगात प्राण नसल्यासारखी. पोरगी तिच्या पायाला मिठी मारून. दारात हवालदार, आणि हवालदारामागे जिनाभर शेजारी, वरच्या मजल्यापासून खालपर्यंत, प्रत्येक दारात दोन-दोन डोकी.

"आलात? बरं झालं," लेक म्हणाली. "पोर मी नेतेय. हिला बेड्या घाला."

"पर्स उघड," फौजदारीण म्हणाली.

"माझी?"

"माझ्यात फक्त खोकल्याच्या गोळ्या आहेत. तुझी उघड."

रुमाल, किल्ल्या, आणि गोळ्यांच्या पट्ट्या. बऱ्याच.

"माझ्या दम्याच्या आहेत. डॉक्टरनं एकदा लिहून दिल्या होत्या, मग मीच दुकानातून आणते. त्याचा काय संबंध?"

"बापाला किती दिल्यास?"

सुनेनं मान वर केली.

"गुडघे धरून रडायचे ते," लेक म्हणाली. आवाज एकदम लहान मुलीचा झाला होता. "एवढा मोठा माणूस, रडायचा. मला या गोळीनं सगळं अंग हलकं वाटतं, म्हणून एकदा अर्धी दिली. पुढच्या सुट्टीला ते चालत आले. म्हणाले, पोरी, तू मला पाय दिलेस. मग मी रोजच्या पुरतील एवढ्या बांधून द्यायला लागले. चष्म्याच्या घरात ठेवायचे. म्हणाले वहिनीला बोलू नकोस, ती लगेच डॉक्टरकडे पळेल." तिनं सगळ्यांकडे बघितलं. "औषध होतं ते! मी स्वतः खाते! विष असतं तर मी नसते मेले?"

फौजदारणीला हळू बोलायची सवय नव्हती, पण या वेळी ती हळू बोलली. माती सांगितली, अनवाणी पाय सांगितले, झोपवलेला पहारेकरी सांगितला, ते अंगठे कुठून आले ते सांगितलं. काहीही गाळलं नाही. गाळलं असतं तर पुढचं सांगता आलं नसतं.

"आणि तू त्याच मातीत वाढलीस. तेच जंत तुझ्यात असणार. तीच गोळी तू खातेस. खाली गाडी उभी आहे. चल."

लेक खाटेच्या कडेवर बसली. बापाच्या मेणकापडावर. छातीतली शिट्टी वाजत होती.

"नाही येत," ती म्हणाली. "मीच मारलं ना त्यांना? मग मला पण तसंच जाऊ दे. मी कुठंही येत नाही."

"उठ म्हणते ना! ए!" फौजदारीण भडकली. "मी उचलून नेईन तुला!"

"न्या. तोंडात औषध घालाल, गिळायला कसं लावाल?"

फौजदारणीनं हवालदाराकडे बघितलं. हवालदारानं नजर फिरवली.

मग सून पुढे आली. पायाची मिठी सोडवून तिनं पोरीला हवालदाराजवळ दिलं आणि नणंदेच्या समोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"ताई, मी तुम्हाला माफ केलं म्हणायला आलेले नाही. तुम्ही माझा हात धरून मेलेल्या माणसावर टेकवलात. माझी पोर ओढून नेत होतात. तुम्ही अशा मेलात ना, तर या जिन्यातली सगळी जन्मभर म्हणतील, सासऱ्याला मारलं आणि नणंदेलाही खाल्लं. पोलिसांच्या कागदात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. माझी पोर मोठी होईल तेव्हा तिला हेच ऐकवतील." ती खाली वाकली. "तुम्हाला मरायची मुभा नाही. ज्या तोंडानं मला खुनी म्हणालात, त्याच तोंडानं आधी सगळ्यांना सांगायचं. एकेका दारात. आत्तापासून."

लेकीनं तिच्याकडे बघितलं. त्या गोल, सुजल्या तोंडावर पाणी नुसतं वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं.

ती उठली. सुनेनं तिला दंडाला धरलं, प्रेमानं नाही, पडू नये म्हणून.

पहिल्या दारात लेक थांबली. "वहिनीनं नाही मारलं," ती म्हणाली. "माझ्या गोळीनं गेले." दारातली बाई पदर तोंडाशी धरून मागे सरकली. चार पायऱ्या खाली, पुढचं दार. "वहिनी नाही. मी." तिथला माणूस नजर चुकवून चप्पल शोधू लागला. पुढचा मजला. शिट्टी वाढत होती. "वहिनी नाही..." कठडा धरून ती उभी राहिली, श्वास घेतला, "मी."

फौजदारीण मागून उतरत होती, तिच्यामागे हवालदार, कडेवर पोरगी. तिला घाई करायची होती, गाडीवाला खालून हॉर्न देत होता. पण ती लेकीच्या मागे एकेक पायरीच उतरत राहिली.

तळमजल्यावर शेवटचं दार. तिथं एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती, सकाळपासून सगळ्यात मोठ्यानं तीच बोलत होती. लेक तिच्यासमोर थांबली. ओठ हलले. पण आता आत हवाच नव्हती, नुसती घरघर बाहेर आली. पुन्हा ओठ हलले. पुन्हा घरघर.

"काय म्हणतेय गं ही?" म्हातारीनं सुनेला विचारलं.

सुनेनं नणंदेला गाडीत ढकललं, तिचे पाय उचलून आत घेतले, आणि स्वतः तिच्याशेजारी चढून बसली.

"सांगेल ती," सून म्हणाली आणि दार ओढून घेतलं. "परत आली की सांगेल."